बदलत्या नळीचे रिव्हॉल्व्हर

"यंदाच्या अंकासाठी कशावर लिहिणार?" असे संपादक मंडळातल्या मित्राने विचारले, तेव्हा मी सहज म्हणालो, "रिव्हॉल्व्हरवर." तो क्षणभर गप्प राहिला आणि मग म्हणाला, "कविता दे ना एखादी!" त्याचा दोष नाही. आपल्याकडे रिव्हॉल्व्हर म्हटले की एकतर हिंदी चित्रपटातला खलनायक डोळ्यांपुढे येतो, नाहीतर फौजदारसाहेबांच्या कमरेचा चामडी पट्टा. मला मात्र त्या शब्दाबरोबर आठवते आमच्या घराच्या तळघरातले एक टेबल, त्यावर पसरलेले जुने वर्तमानपत्र, यंत्राच्या तेलाचा वास आणि हातात पाना घेऊन बसलेले बाबा.

थोडा खुलासा करायला हवा. माझा जन्म आणि दहावीपर्यंतचे शिक्षण अमेरिकेतील ओहायो राज्यात झाले. बाबा मूळचे सांगलीचे. तिकडे एका कारखान्यात ते यंत्रांच्या देखभालीचे काम पाहत. २०२१ साली आम्ही कायमचे इकडे परतलो आणि मी कला शाखेत आलो. वर्गातले मित्र अमेरिकेविषयी खूप काही विचारतात, पण ज्या एका वस्तूने मला तिथे सर्वांत जास्त शिकवले तिच्याविषयी बोलण्याचा प्रसंग कधी आला नाही. तो आज साधतो आहे. विषय यंत्राचा असला तरी वाचकहो, घाबरू नका. मीही इतिहासाचाच विद्यार्थी आहे.

बाबांना नेमबाजीचा नाद लागला तो कारखान्यातल्या सहकाऱ्यांमुळे. त्यांनी रीतसर परवानाधारक दुकानदाराकडून, अर्ज भरून आणि सरकारी तपासणी होऊन, एक वापरलेले रिव्हॉल्व्हर विकत घेतले. ते एका पेटीत होते. पेटी उघडली तर आत रिव्हॉल्व्हर एकच, पण नळ्या चार! अडीच इंची, चार इंची, सहा इंची आणि आठ इंची. प्रत्येक नळीची वेगळी खोळ, शिवाय एक पाना आणि एक पातळ पोलादी पट्टी. त्यावेळी मी दहा वर्षांचा असेन. मला ते मेकॅनोच्या खेळण्यासारखे वाटले. आईला तसे वाटले नाही, पण ते पुढे येईलच.

हे रिव्हॉल्व्हर 'डॅन वेसन' या कंपनीचे, नमुना १५-२. वेसन हे आडनाव शस्त्रांच्या इतिहासात मोठे आहे. होरेस स्मिथ आणि डॅनियल बेअर्ड वेसन या दोघांनी १८५२ साली भागीदारी सुरू केली आणि तीच पुढे 'स्मिथ अँड वेसन' म्हणून जगभर गाजली. त्या वेसनचा पणतू म्हणजे आमच्या पेटीवर ज्याचे नाव होते तो डॅनियल वेसन. तो आपल्या पणजोबांच्याच कारखान्यात काम करीत असे. १९६५ च्या सुमारास तो कारखाना एका बड्या उद्योगसमूहाच्या हाती गेला. पणतवाने मग १९६८ साली मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या मॉन्सन या लहानशा गावी स्वतःची वेगळी कंपनी काढली. घराण्याचे नाव होतेच. पण थोरल्या कंपनीशी टक्कर द्यायची तर तिच्याकडे नसलेले काहीतरी हवे होते. ते त्याला कार्ल लुईस या संशोधकाच्या रचनेत मिळाले. ती रचना म्हणजे मालकाला घरबसल्या बदलता येईल अशी नळी.

यात एवढे विशेष काय, असे कोणी विचारील. ते कळण्यासाठी आधी साधे रिव्हॉल्व्हर कसे असते ते पाहू.

सॅम्युएल कोल्टने १८३६ साली अमेरिकेत एकस्व घेतले तेव्हापासून रिव्हॉल्व्हरची मूळ कल्पना बदललेली नाही. एक फिरते चक्र, त्यात बहुधा सहा घरे आणि प्रत्येक घरात एक काडतूस. घोडा मागे ओढला की चक्र एक घर पुढे सरकते आणि ते घर नळीच्या तोंडाशी येऊन थांबते. चाप दाबला की घोडा आदळतो, दारू पेटते आणि गोळी घरातून उडी मारून नळीत शिरते. 'उडी मारून' हे शब्द मी मुद्दाम वापरले, कारण चक्र आणि नळी यांच्यामध्ये फट असते. ती असावीच लागते. नाहीतर चक्र फिरणार कसे? पण ती फट जास्त झाली तर तिच्यातून तप्त वायू आणि शिशाचे बारीक कण बाजूला उडतात, गोळीचा जोरही कमी होतो. फार कमी झाली तर चार-दोन फैरींत चक्र तापून किंचित फुगते, दारूची काजळी बसते आणि चक्र नळीला घासून अडते. रिव्हॉल्व्हरचे सारे आरोग्य या फटीवर अवलंबून आहे म्हणा ना!

आता नळीकडे वळू. साध्या रिव्हॉल्व्हरची नळी सांगाड्यात आटे पाडून, मोठ्या जोराने पिळून बसवलेली असते. नेम धरण्याची पुढची माशी त्या नळीवरच असते. नळी थोडी कमी किंवा जास्त फिरली तर माशी डावीकडे वा उजवीकडे कलते, म्हणून ती बरोबर माथ्यावर येईल तिथेच नळी थांबवावी लागते. पण नळी फिरवली की ती पुढेमागेही सरकते आणि फट बदलते. म्हणजे एकाच फिरवण्यात दोन कामे अडकली आहेत. माशी सरळ आणावी तर फट चुकते, फट साधावी तर माशी वाकडी होते. कारागीर आधी माशी सरळ आणतो, मग नळीचे टोक कानशीने वा यंत्राने घासून फट जुळवतो. हे काम शिकता शिकता वर्षे जातात. त्यामुळे एकदा बसवलेली नळी सहसा कोणी काढीत नाही.

लुईसने ही गाठ सोडवली. त्याने नळीचे दोन भाग केले. आतली नळी म्हणजे दोन्ही टोकांना आटे असलेला गुळगुळीत पोलादी दांडा, अर्थात मध्ये भोक असलेला. तिच्यावर माशी नाही, काही नाही. ती हाताने सांगाड्यात कितीही फिरवा, काही वाकडे होत नाही. माशी आहे ती बाहेरच्या खोळीवर. उशीला अभ्रा घालावा तशी ही खोळ नळीवरून सरकवायची. एका खुंटीने ती सांगाड्याशी नेमकी जुळते, त्यामुळे माशी आपोआप माथ्यावर येते. शेवटी नळीच्या पुढच्या टोकाला नट लावून पान्याने आवळायचे. झाले! सुरुवातीच्या नमुन्यांत हा नट तोंडाशी उघडा दिसे. १५-२ मध्ये तो खोळीच्या आत दडवला. नळीने फक्त फट सांभाळायची, खोळीने फक्त माशी सांभाळायची. दोघांनी एकमेकांच्या कामात लुडबूड करायची नाही. आमच्या एकत्र कुटुंबातही हे तत्त्व असते तर काकूंचे आणि आजीचे बरे जमले असते, असे आई म्हणे.

आता ती पोलादी पट्टी. तिच्यावर ०.००६ असा आकडा कोरला होता. म्हणजे एका इंचाचे हजार भाग केले तर त्यातले सहा, सुमारे ०.१५ मिलिमीटर. वहीच्या कागदापेक्षा जाड आणि पोस्टकार्डापेक्षा पातळ. ही पट्टी म्हणजे फीलर गेज. बुलेट मोटारसायकलचे टॅपेट जुळवणाऱ्या कोणत्याही मिस्त्रीकडे अशा पट्ट्यांचा जुडगा पाहायला मिळेल. रिकामे चक्र आणि नळीचे टोक यांच्यामध्ये ही पट्टी धरायची, नळी हलक्या हाताने तिला टेकेपर्यंत फिरवायची, मग खोळ घालून नट आवळायचा. आवळल्यावर नळी किंचित ओढली जाते, म्हणून पुन्हा पट्टी घालून पाहायचे. तेही एका घरापाशी नाही, चक्र फिरवून सहाही घरांपाशी, कारण चक्राचे तोंड सगळीकडे अगदी सारखे असेलच असे नाही. बाबांना या साऱ्याला पाच मिनिटे लागत. मला आधी अर्धा तास लागे.

या रचनेचा आणखी एक फायदा झाला. नळी आता मागे सांगाड्याने आणि पुढे नटाने अशी दोन्हीकडून धरली गेली आणि ताणली गेली. आपण सर्वांनी वर्गात बाकाच्या कडेला पट्टी धरून तिचे मोकळे टोक 'टर्रर्र' वाजवले आहे. साध्या रिव्हॉल्व्हरची नळी अशी एका टोकाला धरलेली असते. गोळी आतून जाताना ती सूक्ष्मशी थरथरते. तंबोऱ्याची तार मात्र दोन्हीकडून बांधलेली आणि ताणलेली असते. तिचे कंपन दरवेळी ठरल्यासारखे होते. वेसनच्या रिव्हॉल्व्हरांची अचूकतेबद्दल ख्याती झाली, तिचे श्रेय जाणकार या ताणाला देतात. शिवाय चक्र बंद राहावे म्हणून असलेली कडी या रिव्हॉल्व्हरात पुढच्या बाजूला, चक्राच्या आधाराच्या दांडीपाशी आहे. त्यामुळे चक्र नळीच्या जवळच पक्के धरले जाते. गंमत म्हणजे पुढे स्मिथ अँड वेसननेही आपल्या काही नमुन्यांत नळी आणि खोळ वेगळी केली. मात्र ती मालकाने घरी बदलण्यासाठी नव्हे.

चार-चार नळ्या हव्यात कशाला, हा आईचा प्रश्न. बाबांचे उत्तर असे. लांब नळीत दारूच्या वायूला गोळी ढकलायला जास्त वेळ मिळतो, म्हणून वेग वाढतो. दुसरे, पुढची माशी आणि मागची खाच यांतले अंतर वाढते. समजा, नेम धरताना माशी अर्ध्या मिलिमीटरने चुकली. ते अंतर १५ सेंटिमीटर असेल तर ५० मीटरवर गोळी जवळजवळ १७ सेंटिमीटर भरकटते. २५ सेंटिमीटर असेल तर तीच चूक १० सेंटिमीटरवर येते. आखूड नळी मात्र हलकी आणि सुटसुटीत. शिवाय प्रत्येक खेळाचे नियम वेगळे. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत २५ मीटर सेंटर फायर हा प्रकार असतो. याच प्रकारात जसपाल राणाने २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत पिस्तुलाने सुवर्णपदक मिळवले. त्यात रिव्हॉल्व्हरही चालते, पण काडतूस सौम्य हवे आणि नळी १५३ मिलिमीटरपेक्षा लांब नको. म्हणजे सहा इंची चालेल, आठ इंची बाद. नळी बदलली म्हणून काडतूस मात्र बदलत नाही, हे लक्षात ठेवावे. आमचे रिव्हॉल्व्हर ०.३५७ मॅग्नमचे होते. त्यात ०.३८ स्पेशल हे सौम्य काडतूसही चालते, पण ती सोय त्या जातीच्या सर्वच रिव्हॉल्व्हरांत असते. खरे सांगायचे तर आमच्याकडे अडीच इंची नळी पेटीतच पडून असे आणि प्रत्येक नळीला नेम नव्याने जुळवावा लागे. कागदावर जितके सोपे वाटते तितके ते नव्हते.

कायद्याचीही एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने ज्या सांगाड्यावर क्रमांक कोरलेला असतो तोच 'शस्त्र'. नळी हा नुसता सुटा भाग. आपल्या १९५९ च्या शस्त्र कायद्यात मात्र 'शस्त्रे' या शब्दाच्या व्याख्येतच शस्त्रांचे भागही येतात. तसेच एका परवानाधारकाला पूर्वी तीन बंदुका बाळगता येत. २०१९ च्या दुरुस्तीने ती मर्यादा दोनवर आली. दोन देश एकाच वस्तूकडे किती वेगळ्या नजरेने पाहतात ते यावरून दिसेल.

बाबांचा खेळ होता लोखंडी प्राण्यांचा. हा खेळ मेक्सिकोतून अमेरिकेत आला. जाड पोलादी पत्र्याचे चार प्राणी: ५० मीटरवर कोंबडी, १०० वर डुक्कर, १५० वर टर्की आणि २०० मीटरवर मेंढा. प्रत्येकी पाच गोळ्या, त्यासाठी दोन मिनिटे. नुसती गोळी लागून भागत नाही. प्राणी पडला पाहिजे. दोनशे मीटरवर ०.३५७ ची गोळी इतकी दमते की मेंढ्याला लागल्याचा 'टण्' आवाज येतो आणि मेंढा डुलून पुन्हा उभा राहतो! तो आवाजही सेकंदाहून जास्त वेळाने येतो. गोळीला जायला अर्धा सेकंद, आवाजाला परत यायला अर्धा सेकंद. त्या एका सेकंदात बाबा श्वास सोडत नसत.

२०१८ च्या उन्हाळ्यातली गोष्ट. मी चौदा वर्षांचा होतो. तिथल्या कायद्याप्रमाणे पालकांच्या लेखी संमतीने आणि त्यांच्या देखरेखीखाली मला नेमबाजीचा सराव करता येत असे, आणि नळी बदलण्याचे काम आता माझ्याकडे होते. शनिवारी सामना होता. शुक्रवारी रात्री बाबा म्हणाले, "चार इंची काढून आठ इंची लाव रे." मी लावायला बसलो तर पट्टी जागेवर नव्हती. शोधायचा कंटाळा आला. इतक्या वेळा केलेले काम, पट्टी कशाला हवी? मी दिव्यासमोर धरून पाहिले. चक्र आणि नळी यांच्यामध्ये केसाएवढी उजेडाची रेघ दिसली. छान, म्हटले. चक्र फिरवले, अगदी लोण्यासारखे फिरले. नट आवळून पेटी बंद केली आणि बाबांना म्हणालो, "झाले."

सामन्यात पाचही कोंबड्या पडल्या. डुकरे चार पडली. टर्कीची पाळी आली. दुसरी गोळी सुटली आणि बाबांनी घोडा ओढला तर तो अर्ध्यावर अडला. चक्र फिरेना. आत भरलेली काडतुसे, बोटाखाली तापलेले पोलाद आणि घड्याळ चालू. अशा वेळी माणूस सहज हातातली वस्तू जवळ घेऊन, वळवून पाहतो. बाबांनी तसे केले नाही. नळीचे तोंड निशाणाकडेच ठेवले, चापावरचे बोट काढले, डावा हात वर करून पंचांना बोलावले आणि रिव्हॉल्व्हर निवेपर्यंत तसेच उभे राहिले. मग चक्र बाहेर काढून काडतुसे रिकामी केली. सामना अर्थातच गेला. पंचांनी काय झाले म्हणून विचारले. मी बाजूला उभा होतो. बाबा म्हणाले, "फट कमी राहिली. न तपासता मी आणायला नको होते."

'मी' म्हणाले. गाडीत मी रडलो, तेव्हाही ते रागावले नाहीत. घरी आल्यावर त्यांनी हत्यारांच्या पेटीतला पट्ट्यांचा जुडगा आणला आणि मला मोजायला लावले. जुडग्यातली सर्वांत पातळ पट्टी दीड हजारांश इंचाची. तीही आत शिरली नाही. बाबा एवढेच म्हणाले, "डोळ्याला उजेड दिसतो, माप दिसत नाही."

त्या रात्री आई मात्र बोलली. तिचा या पेटीला पहिल्यापासून विरोध होता. रिव्हॉल्व्हर पोलादी कपाटात, काडतुसे वेगळ्या खोलीत आणि दोन्ही किल्ल्या बाबांच्या गळ्यात, या अटीवर तिने ते घरात येऊ दिले होते. ती म्हणाली, "शाळेत याला बंदूकवाला आला तर बाकाखाली कसे लपायचे ते शिकवतात आणि घरी तुम्ही हे शिकवता!" ते खोटे नव्हते. आमच्या शाळेत तसा सराव व्हायचा. दिवे मालवून, दार लावून, आम्ही पंचवीस मुले भिंतीशी चिडीचूप बसायचो. मला त्या दिवशी आईला उत्तर देता आले नाही आणि आजही येत नाही. बाबाही गप्प राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी कपाटाला आणखी एक कुलूप लावले.

डॅन वेसन १९७८ साली वारला. त्याची कंपनी पुढे अनेक हातांतून गेली, दिवाळखोरीतही निघाली. १९९६ साली ती न्यू यॉर्क राज्यातल्या नॉर्विच गावी गेली आणि २००५ मध्ये झेक घराण्याच्या 'सीझेड-यूएसए' कंपनीने ती विकत घेतली. आज तिचे नाव प्रामुख्याने रिव्हॉल्व्हरसाठी नव्हे तर पिस्तुलांसाठी घेतले जाते. नळी स्वतः बदलणारे मालक कमीच उरले असावेत, कारण त्या रचनेने कारागिराचे काम मालकाच्या हाती दिले, पण त्याबरोबर कारागिराची जबाबदारीही दिली. काम घ्यायला पुष्कळजण तयार असतात.

परत येताना बाबांनी पेटी त्याच दुकानदाराला विकली. त्या दिवशी आईने शिरा केला. कारण कोणी विचारले नाही. हरवलेली पट्टी सामान बांधताना तळघरातल्या खिडकीच्या फटीत सापडली. मीच ती तिथे ठेवली होती. बाबांनी ती दुकानात द्यायला हवी होती, पण त्यांनी ती माझ्या हातावर ठेवली. आज ती माझ्या कंपासपेटीत आहे. परीक्षेच्या दालनात शेजारच्याने एकदा विचारले, "हे काय रे?" मी म्हणालो, "पट्टी." तो म्हणाला, "एवढीशी? हिने काय मोजतोस?"

पेपर सुरू व्हायचा होता, म्हणून तेव्हा सांगायचे राहून गेले. आता त्याने हा लेख वाचावा.

— तृतीय वर्ष कला (इतिहास)